पसाऱ्याचा नव्हे, पातळीचा नियम

एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था आणि अव्यवस्था सतत वाढत जाते, ही उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाची ओळख आता इतकी रुळली आहे की ती तपासून पाहावी असे सहसा कुणाला वाटत नाही. आवरलेले कपाट चार दिवसांत विस्कटते, घराच्या भिंतींना पोपडे येतात, माणूस म्हातारा होतो, राज्ये लयाला जातात. या सगळ्याला एकच उत्तर दिले जाते. विज्ञानाच्या व्याख्यानात ते ऐकू येते, प्रवचनात ऐकू येते, समाजाच्या अधोगतीवर लिहिणाऱ्यांच्या लेखांतही वाचायला मिळते. जग नश्वर आहे ही आपली जुनीच धारणा. दुसऱ्या नियमाने तिला शास्त्राचा शिक्का दिला, असे मानून आपण मोकळे होतो.

ही समजूत उथळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ती नियमाचा गाभाच झाकते. दुसरा नियम जन्मला तो एका कामाच्या प्रश्नातून: एवढा कोळसा जाळला तर जास्तीत जास्त किती पाणी उपसता येईल? त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना माणसाला कळले की जगात जे काही घडते ते कुठल्या तरी फरकाच्या बळावर घडते, तो फरक वाया घालवता येतो किंवा कामाला लावता येतो, आणि एकदा वाया गेलेला फरक फुकट परत मिळत नाही. एन्ट्रॉपी ही त्या वाया जाण्याची मोजणी आहे. पसारा ही नंतर चिकटलेली उपमा आहे आणि ती अनेक ठिकाणी चक्क चुकीची ठरते. हे मी आधी इतिहासातून, मग आकड्यांतून आणि शेवटी आक्षेपांना उत्तरे देऊन मांडणार आहे.

१. प्रश्न इंजिनाचा होता

१७१२ साली टॉमस न्यूकोमेनने इंग्लंडमध्ये डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीवर वाफेचे इंजिन उभे केले. खाणीतले पाणी उपसणे एवढेच त्याचे काम. कोळशातल्या ऊर्जेचा जेमतेम शंभरावा भाग त्यातून कामी येई, पण कोळसा खाणीच्या तोंडाशीच पडलेला असल्याने ते कुणाला फारसे टोचत नव्हते. १७६५ साली जेम्स वॅटला वेगळ्या कंडेन्सरची कल्पना सुचली. प्रत्येक फेरीत सिलिंडर तापवायचा आणि पुन्हा थंड करायचा, यात वाया जाणारी उष्णता त्यामुळे वाचली. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमध्ये मात्र कोळसाच नव्हता. तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणींसाठी तो समुद्रावरून आणावा लागे. तिथे इंधनाच्या प्रत्येक मापाचा हिशेब झाला नसता तरच नवल. १८११ पासून तिथल्या इंजिनांचे मासिक तक्तेच छापले जाऊ लागले: कोणत्या खाणीवरच्या इंजिनाने एका मापाच्या कोळशात किती पौंड पाणी एक फूट वर उचलले. दरवर्षी आकडा सुधारत होता. ही सुधारणा कुठे थांबणार की थांबणारच नाही, हे कुणालाही सांगता येत नव्हते.

तो प्रश्न नीट मांडला एका फ्रेंच लष्करी अभियंत्याने. सादी कार्नोचा जन्म १७९६ चा. वडील लाझार कार्नो हे फ्रेंच राज्यक्रांतीतले मोठे नाव. यंत्रांच्या सर्वसाधारण सिद्धान्तावर त्यांनी १७८३ सालीच पुस्तक लिहिले होते. शिराझच्या सादी या फार्सी कवीचे नाव त्यांनी मुलाला दिले. या मुलाने १८२४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, अग्नीच्या चालक शक्तीवर एक छोटे पुस्तक स्वखर्चाने प्रसिद्ध केले. प्रती सुमारे ६००. उष्मागतिकी नावाच्या शास्त्राची ती सुरुवात आहे, आणि त्यात पसारा, नाश, ऱ्हास यांपैकी काहीच नाही.

२. कार्नोच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी. नुसत्या उष्णतेने काम होत नाही. भट्टी कितीही तापलेली असो, तिच्याजवळ काहीतरी थंड नसेल तर इंजिन हलणार नाही. उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते आणि या जाण्यातून काम मिळते. कार्नोने इथे धबधब्याची तुलना केली. महाराष्ट्रात ती पटवून घ्यायला लांब जायला नको. कोयनेच्या शिवसागरातले पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरते. पाणी पडण्याची उंची पावणेपाचशे मीटरच्या आसपास. वीज पाण्यातून निघत नाही, पातळीच्या फरकातून निघते. तेवढेच पाणी समुद्रसपाटीवर साठवले तर त्यातून एक दिवाही लागणार नाही. अरबी समुद्रात उष्णता अफाट आहे, पण समुद्राला थोडे थंड करून त्या उष्णतेवर जहाज चालवता येत नाही, याचेही कारण हेच.

दुसरी पायरी. जिथे जिथे तापमानाचा फरक आहे तिथे काम मिळण्याची शक्यता आहे. म्हणून जिथे जिथे उष्णता काही काम न करता गरमाकडून थंडाकडे नुसतीच वाहून जाते, तिथे तिथे एक संधी कायमची गेली. माझ्या मते दुसऱ्या नियमातले हे सर्वांत महत्त्वाचे विधान आहे. पुढची सगळी गणिते याच विधानाची विस्तृत रूपे आहेत.

तिसरी पायरी तर्काच्या सौंदर्याची आहे. उत्तम इंजिन कोणते? ज्यात उष्णता कुठेही फुकट ओघळत नाही ते. असे इंजिन उलटेही चालवता येईल: त्याला काम पुरवले तर ते थंडाकडची उष्णता गरमाकडे चढवील. आता समजा, याहून सरस इंजिन कुणी बनवले. ते सुलट चालवायचे, त्याच्या कामावर आपले इंजिन उलट चालवायचे. उष्णता होती तिथे परत जाईल आणि तरीही थोडे काम शिल्लक उरेल, तेही कायम. म्हणजे काहीच न खर्चता चालणारे यंत्र झाले. ते अशक्य, म्हणून सरस इंजिनही अशक्य. यातून निष्पन्न होते की इंजिनात वाफ असो, हवा असो की अल्कोहोल असो, त्याच्या कार्यक्षमतेची कमाल मर्यादा फक्त दोन तापमानांवर ठरते.

स्वतःच चालत राहणाऱ्या चक्राची कल्पना जुनी आहे. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीत (इ. स. ११५०) पारा अर्धवट भरलेल्या पोकळ आऱ्यांचे चक्र वर्णिलेले आहे, त्यांच्या नातवाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, म्हणून मराठी वाचकाला हा उल्लेख जवळचा वाटावा. युरोपात शतकानुशतके अशा यंत्रांचे आराखडे येत राहिले. अखेर १७७५ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने यापुढे असे प्रस्ताव तपासायचेच नाहीत असे ठरवले. तोवर ‘हे होत नाही’ हा केवळ अनुभवाचा निष्कर्ष होता. कार्नोने त्याच नकाराला गृहीतक केले आणि त्यातून निसर्गाविषयी नेमका, आकड्यात मांडता येणारा निष्कर्ष काढला. अशक्यतेच्या विधानातून ज्ञान मिळवण्याची ही पद्धत भौतिकशास्त्राला पुढे फार उपयोगी पडली.

३. कल्पना चुकीची, निष्कर्ष पक्का

कार्नोची एक मोठी चूक होती. उष्णता हा कॅलरिक नावाचा अविनाशी द्रव आहे, असे त्या काळी मानत. पुस्तक लिहिताना तोही तसेच मानत होता. धबधब्याचे पाणी खाली पडून संपत नाही, तशी उष्णताही इंजिनातून संपूर्ण बाहेर पडते, असा त्याचा समज. हे खरे नाही. तरीही त्याचा मुख्य निष्कर्ष टिकला, कारण तो उष्णतेच्या स्वरूपावर उभा नव्हता. अशक्यतेच्या युक्तिवादावर उभा होता. शास्त्राचा इतिहास शिकवताना चुकलेले सिद्धान्त आपण कचऱ्यासारखे बाजूला सारतो, ते किती अन्यायाचे आहे हे इथे दिसते.

१८३२ साली पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ आली आणि कार्नो छत्तिसाव्या वर्षी गेला. संसर्गाच्या भीतीने त्याचे बरेचसे सामान नष्ट केले गेले. वाचलेली टिपणे भावाने १८७८ साली प्रसिद्ध केली, तेव्हा कळले की कॅलरिकची कल्पना त्याने स्वतःच सोडून दिली होती आणि उष्णता व काम यांच्या विनिमयाचा आकडाही काढून ठेवला होता. दरम्यान पुस्तक जवळजवळ विसरले गेले होते. १८३४ साली एमिल क्लापेरॉनने त्यातला युक्तिवाद आकृत्यांच्या आणि समीकरणांच्या भाषेत मांडला म्हणून तो वाचला. १८४५ साली विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, पॅरिसच्या पुस्तकांच्या दुकानांतून कार्नोचे पुस्तक शोधत हिंडला. त्याला एकही प्रत मिळाली नाही.

४. पहिला नियम नंतर आला

नियमांचे क्रमांक वाचून वाटते की आधी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सापडला आणि मग दुसरा. घडले उलटे. दुसऱ्याचे बीज १८२४ चे. पहिला त्यानंतर वीस वर्षांनी उभा राहिला. (शून्यावा नियम तर त्याहून उशिराचा. समतापी वस्तूंविषयीचे हे मूलभूत विधान इतके उघड होते की त्याला नाव मिळायला १९३० चे दशक उजाडले. ते राल्फ फाउलरने दिले, मेघनाद साहा आणि बी. एन. श्रीवास्तव यांच्या उष्णतेवरील ग्रंथाच्या संदर्भात, अशी नोंद आर्नोल्ड झोमरफेल्डने केली आहे.)

रम्फर्डने १७९८ साली म्युनिकच्या तोफखान्यातला अनुभव जाहीर केला होता: तोफेची नळी पोखरताना उष्णता निघतच राहते, तिला अंत नाही, मग ती साठवलेला द्रव कशी असेल? १८४० साली जहाजावरचा डॉक्टर रॉबर्ट मायर जावा बेटावर पोचला. तिथे खलाशांच्या शिरेतले रक्त नेहमीपेक्षा लाल दिसले. उष्ण प्रदेशात शरीराला ऊब राखायला कमी जाळावे लागते, म्हणून रक्तातला प्राणवायू कमी खर्च होतो, असे त्याने ताडले, आणि उष्णता व काम ही एकाच गोष्टीची रूपे आहेत हा विचार १८४२ साली मांडला. मँचेस्टरजवळच्या मद्यनिर्मिती कारखान्याचा वारसदार जेम्स जूल वर्षानुवर्षे तापमापक घेऊन बसला. वजने खाली उतरवून पाण्यातली वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापते ते मोजायचे. १८५० चा त्याचा आकडा आजच्या आकड्यापासून एक टक्काही दूर नाही. १८४७ साली हेल्महोल्ट्झने अक्षय्यतेचे तत्त्व गणितात बांधले.

जूलचा आकडा कोयनेला लावून पाहा. पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला ते सुमारे ४२७ मीटर उंचीवरून पडावे लागते. म्हणजे शिवसागरातून पोफळीला उतरणाऱ्या पाण्याची सगळी ऊर्जा उष्णतेत बदलली असती, तर ते पाणी जेमतेम एका अंशाने कोमट झाले असते. हाताला कळणारही नाही इतका हा बदल. ऊर्जा मात्र तीच, ज्यावर गावेच्या गावे उजळतात. पहिल्या नियमाच्या वहीत दोन्ही नोंदी सारख्या आहेत. त्यांच्यातला फरक सांगायला दुसरी वही लागते.

५. दुसरी वही

१८४९ साली टॉमसन गोंधळात होता. जूल म्हणतो, काम होताना उष्णता खर्च होते. कार्नो म्हणतो, उष्णता केवळ खाली उतरते. आणि जिथे उष्णता धातूच्या कांबीतून नुसतीच वाहते, काहीच काम करत नाही, तिथे मिळू शकणारे काम गेले कुठे? जर्मनीत रुडॉल्फ क्लाउझिअसने १८५० साली गाठ सोडवली: दोघेही बरोबर आहेत, फक्त ही दोन स्वतंत्र तत्त्वे आहेत. इंजिनात शिरलेल्या उष्णतेचा काही भाग कामात बदलतो, उरलेला थंड बाजूला सोडावाच लागतो. उष्णता आपणहून, दुसरा कुठलाही बदल मागे न ठेवता, थंडाकडून गरमाकडे जात नाही. टॉमसनही १८५१ साली याच मुक्कामी पोचला आणि पुढच्याच वर्षी त्याने ऊर्जेच्या विखुरण्यावर लिहिले. १८६५ साली क्लाउझिअसने नव्या राशीला नाव दिले: एन्ट्रॉपी. परिवर्तन या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, आणि ‘एनर्जी’शी मुद्दाम जुळेल असे. अव्यवस्थेचा त्या शब्दाशी काहीही संबंध नाही.

ही राशी मोजायची कशी? जेवढी उष्णता गेली किंवा आली, तिला त्या ठिकाणच्या निरपेक्ष तापमानाने भागायचे. एक हिशेब करू. ८०० केल्विन तापमानाच्या वस्तूतून १,००० जूल उष्णता ३०० केल्विनच्या वस्तूत नुसतीच वाहून गेली. गरम वस्तूची एन्ट्रॉपी १,००० भागिले ८००, म्हणजे १.२५ ने घटली. थंड वस्तूची १,००० भागिले ३००, म्हणजे ३.३३ ने वाढली. निव्वळ वाढ २.०८. आता या वाढीला थंड बाजूच्या तापमानाने, म्हणजे ३०० ने गुणा: ६२५ येतात. कार्नोच्या सूत्राने त्याच १,००० जूलमधून जास्तीत जास्त किती काम मिळाले असते? एक वजा तीन अष्टमांश, म्हणजे पाच अष्टमांश, म्हणजे नेमके ६२५ जूल.

हे दोन आकडे जुळणे हा योगायोग नाही. वाढलेली एन्ट्रॉपी ही हातची गेलेली कामाची संधी आहे, तापमानाच्या मापात लिहिलेली. या संपूर्ण हिशेबात विस्कटण्याचा कुठेही संबंध आला नाही. आणि तो न येताच दुसरा नियम पूर्ण झाला आहे.

६. मोजणीतून आलेला शब्द

मग पसारा आला कुठून? लुडविग बोल्ट्झमनने १८७७ साली दाखवले की पदार्थाची बाहेरून दिसणारी स्थिती आतल्या अणूंच्या किती वेगवेगळ्या मांडण्यांनी साधता येते, त्या संख्येच्या लॉगॅरिथमशी एन्ट्रॉपी बांधलेली आहे. अणूंवरच अनेकांचा विश्वास नव्हता त्या काळात केलेले हे काम. व्हिएन्नातल्या त्याच्या समाधीवर तेच सूत्र कोरलेले आहे. हेल्महोल्ट्झने १८८२ साली रेणूंच्या अशा हालचालीसाठी अव्यवस्था हा शब्द वापरला, नंतर बोल्ट्झमनच्या लिखाणातही तो येतो, आणि तिथून तो पाठ्यपुस्तकांत उतरला.

पण संख्येचा अर्थ पसारा असा होत नाही. दोन फासे टाकले तर बेरीज सात यायच्या सहा रीती आहेत, दोन यायची एकच. सात जास्त वेळा येतात, कारण तिकडे जाणाऱ्या वाटा जास्त. सात ही बेरीज दोनपेक्षा विस्कटलेली आहे असे कुणी म्हणत नाही. बोल्ट्झमनने सांगितले ते एवढेच: अणूंची संख्या प्रचंड असल्यामुळे जास्त वाटांची स्थिती जवळजवळ निश्चितपणे येते.

७. उपमा कुठे फसते

सर्वांत आधी ते कपाटच घेऊ. त्यात शंभर कपडे आहेत असे धरा. ते कोणत्याही क्रमाने लावले तरी चालेल असे मानून, सगळ्या शक्य क्रमांची एन्ट्रॉपी बोल्ट्झमनच्या सूत्राने काढली तर दशांश चिन्हानंतर वीस शून्ये आणि मग पाच एवढी येते. त्याच खोलीत दीडशे ग्रॅम चहाचा कप ८० अंशांवरून ३० अंशांवर निवला तर एन्ट्रॉपीची निव्वळ वाढ सुमारे ७.७ आहे. एकावर एकवीस शून्ये एवढ्या पटीचे हे अंतर. कपाट विस्कटल्याने उष्मागतिकीच्या दृष्टीने काहीच घडत नाही. जे खरोखर घडते, चहा निवणे, त्याकडे ही उपमा आपले लक्षच जाऊ देत नाही.

दुसरे उदाहरण तेल आणि पाण्याचे. बाटलीत दोन्ही घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. थोड्या वेळात तेल वर, पाणी खाली, मध्ये स्वच्छ रेघ. डोळ्यांना ही व्यवस्था दिसते, पण एन्ट्रॉपी वाढलेली असते: तेलाच्या थेंबांभोवती अडकून पडलेल्या पाण्याच्या रेणूंना मोकळीक मिळालेली असते. आपल्या पेशींची आवरणे आणि प्रथिनांच्या घड्या याच कारणाने आकार घेतात.

तिसरे उदाहरण त्याहून निर्णायक आहे. एकमेकांना ओढत नाहीत, ढकलत नाहीत, फक्त एकमेकांत घुसू शकत नाहीत, असे कठीण गोळे कल्पा. १९५७ साली आल्डर आणि वेनराइट यांनी संगणकावर दाखवले की ते पुरेसे दाटीने ठेवले तर आपणहून स्फटिकासारखे रचले जातात. रचनेत प्रत्येक गोळ्याला हलायला जास्त जागा मिळते, वाटा वाढतात, एन्ट्रॉपी वाढते. इथे शिस्तबद्ध रांगाच जास्त एन्ट्रॉपीच्या आहेत. लार्स ऑन्सागरने १९४९ साली लांबट कांड्यांबाबत असेच सिद्ध केले होते. ज्या नियमाने रांगा लागतात त्याला अव्यवस्थेचा नियम कसे म्हणावे?

८. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: खुद्द हेल्महोल्ट्झ आणि बोल्ट्झमनने हा शब्द वापरला, मग तो चूक कसा? त्यांच्या हातात त्या शब्दाला रेणूंच्या गतीपुरता नेमका अर्थ होता. आपल्या हातात आला तेव्हा फक्त कपाट उरले. शिवाय संस्थापकांचा शब्द प्रमाण मानायचा तर कॅलरिकही मानावे लागेल.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मी गंभीरपणे घेतो: मुलांना आधी ढोबळ चित्र द्यावे लागते, बारकावे नंतर. हे खरेच आहे. पण ढोबळ चित्राने दिशा तरी बरोबर दाखवली पाहिजे. पसाऱ्याच्या चित्राने पहिला बळी घेतला तो जीवसृष्टीच्या समजुतीचा. ‘सगळे विस्कटत जाते, तर मग पेशी, झाडे, माणूस कसे घडले? उत्क्रांती दुसऱ्या नियमाविरुद्ध आहे,’ हा युक्तिवाद आजही सुशिक्षितांच्या तोंडी असतो. पातळीचे चित्र डोळ्यांसमोर असेल तर हा प्रश्न पडतच नाही. पृथ्वीला सुमारे ५,८०० केल्विन तापमानाच्या सूर्याकडून प्रकाश मिळतो, आणि जवळपास तेवढीच ऊर्जा ती सुमारे २५५ केल्विनला अवकाशात परत सोडते. आलेल्या प्रत्येक प्रकाशकणामागे सुमारे वीस अवरक्त कण बाहेर जातात. ऊर्जा पृथ्वीजवळ साठत नाही. पृथ्वी या दोन पातळ्यांमधल्या फरकावर जगते. पानातले हरितद्रव्य हे त्या धबधब्यावर बसवलेले चक्र आहे. अमेरिकेत फ्रँक लॅम्बर्ट या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी निवृत्तीनंतर अव्यवस्थेची उपमा पुस्तकांतून काढून टाकण्यासाठी वर्षानुवर्षे आग्रह धरला आणि तिथल्या अनेक पाठ्यपुस्तकांनी तो मान्य केला. आपल्याकडेही हे व्हायला हवे.

तिसरा आक्षेप: नियम जर संख्येच्या जोरावर उभा असेल तर तो केवळ संभाव्यता आहे, चतुराईने मोडता येईल. १८६७ साली मॅक्सवेलने असाच एक चतुर जीव कल्पिला: दोन खोल्यांमधल्या दारावर बसून वेगवान रेणू एका बाजूला आणि सावकाश रेणू दुसऱ्या बाजूला सोडणारा. काम न करता तापमानाचा फरक तयार! या कोड्याने शंभर वर्षे पिच्छा पुरवला. झिलार्डने १९२९ साली माहितीच्या किमतीकडे बोट दाखवले. लँडावरने १९६१ साली सांगितले की माहिती पुसताना ठरावीक किमान उष्णता बाहेर टाकावीच लागते. बेनेटने हे मॅक्सवेलच्या जिवाला लावले. त्याची स्मृती भरते, ती पुसावी लागते आणि मिळवलेले सगळे तिथे फिटते. २०१२ साली फ्रान्समधील ल्यों इथे एका सूक्ष्म मण्यावर केलेल्या प्रयोगात लँडावरची मर्यादा प्रत्यक्ष मोजली गेली. आक्षेपाने नियम मोडला नाही; माहिती हीसुद्धा त्याच वहीत लिहावी लागते, हे नवे ज्ञान त्यातून मिळाले.

चौथा आक्षेप सर्वांत जुना: विश्वाचा अखेर उष्णतामृत्यू होणार, मग ऱ्हासाचीच गोष्ट खरी नाही का? त्या अंताचे चित्र नीट पाहा. सगळीकडे एकच तापमान, कुठे चढ नाही, उतार नाही, काहीच घडत नाही. त्यात पसारा कुठेच नाही. सगळे सपाट झालेले आहे. शिवाय इतक्या दूरचे भाकीत जपून करावे. याच टॉमसनने १८६२ साली पृथ्वीच्या निवण्यावरून तिचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षे काढले होते. तिच्या पोटातल्या किरणोत्साराची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती; आज ते वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षे मानले जाते.

९. या फरकाने काय बदलते

चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रातले कूलिंग टॉवर पाहून लोक म्हणतात, केवढी ही नासाडी! टर्बाइनमध्ये वाफ ५४० अंश सेल्सिअसला शिरते आणि थंड बाजू ४० अंशांना असते असे धरले, तर कार्नोची मर्यादा सुमारे ६१ टक्के येते. म्हणजे आदर्श यंत्रालाही ३९ टक्के उष्णता सोडून द्यावीच लागेल. टॉवर ही निसर्गाने घातलेली अट आहे. खरी नासाडी त्या ६१ टक्क्यांच्या आत होते, आणि अभियंत्याचे कौशल्य तिथेच लागते. रुडॉल्फ डिझेल १८९३ साली आपले इंजिन मांडताना कार्नोचेच चक्र समोर ठेवून निघाला होता. १८९७ च्या चाचणीत त्याने सुमारे २६ टक्के कार्यक्षमता गाठली, त्या काळच्या चांगल्या वाफेच्या इंजिनांपेक्षा कितीतरी जास्त.

आता घरातला गीझर घ्या. विजेची जवळजवळ सगळी ऊर्जा पाण्यात उतरते, म्हणून आपण त्याला शंभर टक्के कार्यक्षम म्हणतो. पहिल्या वहीत ते खरे आहे. दुसरी वही उघडा: २५ अंशांचे पाणी ४५ अंशांवर न्यायला, उष्णता भोवतालातूनच खेचून घेतली तर, तत्त्वतः त्या ऊर्जेच्या सुमारे ३ टक्केच काम पुरते. बाकी ९७ टक्के म्हणजे कड्यावरून सोडलेले पाणी. ऊर्जा वाचवा, असे फलक आपण लावतो. ऊर्जा तर कधी नष्टच होत नाही. वाचवायची असते ती पातळी.

हे आपल्याकडे काहींना पुस्तकाबाहेर नीट कळलेले आहे. ऊस पिकणाऱ्या जिल्ह्यांत अनेक साखर कारखान्यांनी कमी दाबाचे जुने बॉयलर काढून जास्त दाबाचे बसवले. बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, आग हजार अंशांच्या आसपास आणि रस आटवायला लागणारी उष्णता शंभराच्या थोडी वर. मधला सगळा उतार पूर्वी बराचसा फुकट जात होता. आता वाफ आधी टर्बाइन फिरवते, वीज देते, आणि तिथून उतरलेली वाफ रसाखाली जाते. बगॅस तेच, साखर तीच, आणि वर विकायला वीज. सहवीजनिर्मिती असे त्याचे नाव. कार्नोची दुसरी पायरी याहून स्वच्छ मी कुठे पाहिलेली नाही.

म्हणून दुसरा नियम शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. कपाटाचे उदाहरण यंदा वगळा. शक्य असेल तर मुलांना गाळप हंगामात जवळच्या कारखान्याच्या बॉयलरपाशी न्या. वाफ टर्बाइनमध्ये किती अंशांना शिरते आणि रसाखाली किती अंशांना येते, हे दोन आकडे त्यांना वहीत लिहून घ्यायला सांगा.